कातत नाहीत ती

पाळक ओहोळ म्हणाले,
रानातल्या फुलांकडे बघा,
ती राबत नाहीत, कातत नाहीत.
तिसऱ्या बाकावर आईनं
हळूच बोटं पदराखाली घेतली.
निळी बोटं. त्या आठवड्यात निळे टॉवेल होते.

सोलापुरात हे वाक्य जड जातं.
पाखरांचं म्हणाल, तर आमच्याकडे चिमणी म्हणजे धुराची,
तीही आता नुसती उभी.
भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव हे,
इथं सूत थांबलं की चूल थांबते.
शलमोनाच्या वैभवाचं सांगता,
आम्ही विचारणार, झग्याची मजुरी किती दिली?

परतताना मी म्हटलं, फुलांचं काय जातंय!
आई बोलली नाही.
अशोक चौकात मेथीची जुडी घेतली, दोन रुपये कमी करून.

मंगळवारी दुपारी वीज गेली.
नीलमनगरचे सगळे माग एका दमात गप्प,
इतके, की कान दुखले.
आई आणि नरसम्मा बाहेर आल्या,
भुवयांवर सुताची धूळ.
शेडमागं भिंतीला लागून तरवड फुललेला,
कुणी लावला नव्हता.
आईनं एक फूल उलटं करून पाहिलं,
टॉवेल तपासतात तसं.
गाठ नव्हती. तुटका धागा नव्हता.

नरसम्मा हसली,
वाळला की चुलीत घालणार मी ह्याला.
आई म्हणाली, ते पण लिहिलंय त्यात.

मग भिंतीला टेकून, मला नाही,
फुलालाच सांगावं तशी बोलली :
"कातत न्हाईत, हे त्याला सुचलं कसं आसंल?
राजाच्या पोराला सुचलं नसतं.
रात्री दिव्यापाशी
त्याची आई चाती फिरवत बसलेली आसणार,
पोरगं अंथरुणातनं बघत आसणार.
सकाळी रानात गेलं, फूल बघितलं,
आन् वाटलं त्याला,
हिला कुणी जागवत न्हाई."

मला आमच्या घरातला रहाट आठवला,
कांड्या भरतानाची त्याची कुरकुर,
गोधडीतून ऐकलेली,
झोप लागेपर्यंत, आणि नंतरही.

वीज आली.
आई उठली. फूल तोडलं नाही.
तिच्या केसांतलं थोडं सूत
तरवडावर पडलं होतं, पांढरं.
तेवढं तिनं वेचून घेतलं
आणि आत गेली.