चिठ्ठ्यांचा डबा

फादर एर्मिनिउंनी वेदीवरूनच सांगितलं,
आवाज न चढवता, जणू गावचा पंप बिघडलाय:
मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. खुबा बदललेला. चर्चं चार.
तुमच्या मते देवाचं पाचारण कुणाला असेल
त्याचं नाव लिहा. डबा दाराशी ठेवलाय.

डबा चीजचा, सहकारी डेअरीतला, गोल, लाकडी,
तीनदा धुऊनही वास न सोडणारा.
मी देओलिंदा. एकवीस वर्षं किल्ली माझ्या कनवटीला.
मेणबत्त्यांचं मेण खरवडते, झग्यांना इस्त्री करते,
रविवारी किती डोकी आली ते दाराआड खडूने लिहिते.
(गेल्या रविवारी सत्तेचाळीस. त्यात दोन पर्यटक.)
डबा रिकामा करणंही मग माझ्याच गळ्यात.

तीन रविवार. एकोणचाळीस चिठ्ठ्या.
बेकरीवाल्या ओदेतनं लिहिलाय मास्तरांचा मुलगा,
मास्तरांनी लिहिलाय ओदेतचा.
हस्ताक्षरं सगळी माझ्या ओळखीची.
कुणी पोराने पोर्तोचा गोलकीपर सुचवलाय,
कुणी लिहिलंय, आधी घंटेचा दोर बदला.
अकरा चिठ्ठ्या कोऱ्या, पण नीट चार घड्या घातलेल्या.
स्वतःच्या मुलाचं नाव
एकाही आईने लिहिलेलं नाही.

धर्मगुरू सगळ्यांनाच हवा,
बाप्तिस्म्याला, मयताला,
म्हाताऱ्याच्या कपाळावरल्या शेवटच्या तेलाला.
जन्मावा मात्र शेजारच्या घरात.
आपल्या घरात गायी आहेत, उतारावरचं कुरण आहे,
आणि पाळणा
माळ्यावरून काढून पुसूनही ठेवलाय.

मी कुणाला हसू?
माझा आमादेउ आठ वर्षांचा होता तेव्हा
बशीत बिस्किटाचे तुकडे घेऊन
कोंबड्यांना ख्रिस्तशरीर वाटायचा.
रांगेत उभं राहा म्हणायचा त्यांना.
त्या राहायच्या नाहीत, तरी तो थांबायचा.
मी खिडकीतून ओरडले होते: पुरे झालं, दूध काढायचंय.
आता तो टोरोंटोत लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवतो.
चांगला आहे. नाताळला फोन करतो.
त्याला पाचारण होतं असं मी म्हणत नाही.
मी विचारलं नाही, एवढंच म्हणते.

एक नाव कुणालाच सुचलं नाही.
एवारिस्तु, दुधाचा टँकर चालवतो, तेवीसचा,
वळणावर आडव्या आलेल्या बैलाला अशा शिव्या घालतो
की वरच्या वाडीत खिडक्या लागतात.
मिस्सेला मागच्या खांबाशी उभा, अर्धा आत अर्धा बाहेर.
पण ज्युवेनालची बायको गेली त्या दिवशी
सगळे हात मिळवून, गूळमाट बोलून, निघून गेले,
आणि हा बाह्या सरसावून
मोरीत कप विसळत बसला.
मग त्या म्हाताऱ्यासमोर खुर्ची ओढली.
बोलला काही नाही. दिवा लावायची वेळ झाली, लावला.

मंगळवारी पहाटे मी रस्त्यात उभी राहिले. टँकर थांबला.
पदराआड चिठ्ठी नव्हती, होती ती फक्त जीभ, तीही कोरडी.
म्हटलं, तू कधी विचार केलायस का?
कशाचा?
तुला माहीत आहे कशाचा.
त्याने स्टिअरिंगवरची माती नखाने काढली.
समुद्रापलीकडे पिकुचा डोंगर ढगातून निम्माच वर आलेला.
दूध तापेल, मावशी, म्हणाला, आणि गेला.
वळणावर रोज वाजवतो तो हॉर्न वाजवला नाही.

फादरांनी विचारलं, चिठ्ठ्या किती?
चाळीस, मी म्हटलं.
त्यांनी मोजल्या नाहीत. खुबा धरून हळूच बसले,
म्हणाले, मला विचारलं होतं एका शिंप्याने,
पँटची उंची घेता घेता.

बुधवारी टँकर वेळेआधी आला.
चर्चच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला.
मी मेण खरवडत होते. ऐकलं,
इंजिन बंद झालं.