चौदा नंबरची जागा

राकवेरे गावाबाहेर, बिजागऱ्यांच्या कारखान्यात
बावीस वर्षं, दर सोमवारी
उडो गवत कापायचा.
इतकं सरळ, की हिशेबखात्याच्या खिडकीतून
मार्गित म्हणायची, वहीच आखलीय कुणीतरी.

यंदा एप्रिलात ऑफिसातून कागद आला:
दक्षिणेच्या कुंपणालगतची पट्टी, रुंदी अकरा मीटर,
जुलै संपेपर्यंत कापू नये.
खाली सही, शिक्का.
उडोने तो दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला
आणि शेडमध्ये बंद यंत्राच्या सीटवर
बसून राहिला, जेवणाचा भोंगा होईपर्यंत.

लोक म्हणतील, म्हातारा थकला.

गवत घोट्याला लागलं, मग पोटरीला.
ट्रकवाले काच खाली करून विचारत,
दिवाळं निघालं काय रे कंपनीचं?
पॅकिंगमधल्या टीयूला गुडघ्यामागे गोचीड चिकटली
तेव्हा तर सभाच भरली.
उडो सभेत बोलला नाही.
चिमटा मात्र त्यानेच आणून दिला.

मे महिन्यात ऑफिसातली पोरं पट्टीशी उभी,
फोन पुढे धरून
एका पिवळ्या फुलाचं नाव शोधत.
नुर्मेनुक्क, मागून उडो म्हणाला.
नाल्याच्या तोंडाशी अजून येतील, परवापर्यंत.
तुम्हाला कसं माहीत?
बावीस वर्षं मुंडी छाटतोय त्याची,
पत्ता ठाऊक नसेल मला?

पोरं हसली. तो नाही हसला.

त्याच आठवड्यात चौदा नंबरच्या जागेत,
जिथं मुख्य व्यवस्थापक हार्मोची गाडी लागते,
खडीत चार अंडी.
अंडी कसली, खडीच ती,
फक्त ऊबदार.
मूठभर पाखरू, गळ्यात काळी पट्टी,
डोळ्याभोवती पिवळं कडं;
गाडी आली की पंख मोडल्याचं सोंग करत
लंगडत लंगडत दूर जायचं.
गाडीला सोंग कळत नाही.
हार्मोला कळलं. त्याने रिव्हर्स घेतला,
आणि तेव्हापासून तो रस्त्यापलीकडे गाडी लावून
पावसातही चालत आला.
टीयूने पाच केशरी शंकू मांडले.
रात्रपाळीचे वेल्डर फाटकापासून
इंजिन बंद करून गाड्या ढकलत आणू लागले,
एकमेकांना शूऽ करत,
लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे.

एक अंडं कावळ्याने नेलं.
एक उबलंच नाही, खडीत खडी होऊन राहिलं.
दोन पिल्लं निघाली,
कापसाच्या बोळ्याला काड्या टोचाव्यात तशी,
आणि त्याच दिवशी धावत सुटली
शंकूंमधून थेट गवताच्या कडेला.

जूनच्या शेवटी, न मावळणाऱ्या एका संध्याकाळी,
खिडक्याखिडक्यांत माणसं.
मोठं पिल्लू दोनदा झेपावलं, दोनदा खडीवर आपटलं.
उडो! कुणीतरी ओरडलं.
तो शेडमधून हात पुसत धावत आला.
तोवर ते उडालं होतं.

ऑगस्ट उजाडला. यंत्र शेडमध्येच राहिलं.
उडोने घरून बापाचा लांब दांड्याचा विळा आणला,
कुंपणाला टेकून निवांत धार लावली
आणि पट्टी कापली, दोन दिवस घालवून, वाकडीतिकडी,
इथं एक झुबका सोडत, तिथं एक.
बाकीचं मैदान कधी कापायचं, टीयूने विचारलं.
त्याने टोपी काढली, कागद उलगडला.
घामाने शाई पसरलेली.
तारीख काही वाचता येत नाही, म्हणाला,
आणि घडी पुन्हा टोपीत.