तिसरा खांब

पुलाच्या तिसऱ्या खांबावर पट्टी रंगवलेली आहे.
सकाळी आठला मी ती वाचतो.
आज : शून्य पूर्णांक चार.
रजिस्टरात रकाना मीटरचा,
घोट्याएवढं, असं लिहिता येत नाही.

माझा आजा उखा, फडाचा पाटकरी,
पट्टीशिवाय मोजायचा.
बंधाऱ्यावरून पडणारा आवाज ऐकून सांगायचा,
आज तीन फड भिजतील, चौथा उद्या.
कुणी पाळीवरून भांडलं
तर दोघांनाही पांझरेत उभं करायचा.
"पानीच सांगी," म्हणायचा.
पाय गार पडले की
आपोआप एकजण आधी बाहेर यायचा.

आता वरच्या धरणातून आवर्तन सुटतं
तेव्हा आधी मोबाइलवर मेसेज येतो,
मग दीड दिवसानं पाणी.
नळयोजनेची जॅकवेल आपला वाटा ओढते,
रात्री वाळूचे ट्रॅक्टर.
उरलेल्या डबक्यात
चिंधाबाई गोधड्या आपटते,
विचारते, काय लिखं रे आज नदीचं?

मी आकडा सांगतो.
ती गोधडी पिळते, दोन्ही हातांनी, सावकाश,
शेवटचा थेंब नदीत पडेपर्यंत.
"हाई बी लिखी ले."