सात नंबरची चिठ्ठी

तार्तूच्या शस्त्रक्रियागृहात लेइडा जागी आहे.
कवटीला खिडकी पाडलेली,
आत तांदळाएवढ्या चिठ्ठ्यांवर आकडे.

माझं काम चित्रं दाखवायचं.
होडी, म्हणते ती. सुई. बदक.
तीनवर तार टेकली तेव्हा अंगठा उडाला.
पाचवर म्हणाली, कोण मासे धुरावतंय इथं?

सातवर आर्वोनं तार टेकवली
आणि मी जाळ्याचं चित्र धरलं.

चाळीस वर्षं हीउमा बेटावर जाळी विणलेली बाई
बघतच राहिली.
ते... अगं ते... आपलं ते हे...

पण चादरीवर तिची बोटं चालू झाली:
फास, ओढ, गाठ.
फास, ओढ, गाठ.
त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तार उचलली.
"जाळं!" ओरडली ती, चिडून,
जणू मीच लपवून ठेवलं होतं.

आर्वो बराच वेळ वाकून बघत होता.
गाठीचं एक टोक सातच्या खाली शिरलंय, म्हणाला.
यंत्राची टिकटिक.
नर्सनं त्याचा घाम टिपला.

"राहू दे," म्हणाला तो.
"एवढी गाठ नको सोडवायला."

मी पुढचं चित्र उचललं.
किल्ली.