साडेतीन मैल

नेब्रास्काच्या या कोपऱ्यात
बर्फ ढकलायचा ट्रक एकच,
आणि तो मी चालवते.
विषम तारखेला आधी लिंडाल,
सम तारखेला आधी ब्रेझोवा.
हा करार माझ्या जन्माआधीचा,
आणि त्यात एक भोक आहे:
एकतीस विषम, एकही विषम.
महिना उलटताना लिंडालला
लागोपाठ दोन पहाटा मिळतात.
ब्रेझोवा हे कधी विसरत नाही.
एक तारखेला सहाच्या आत फोन:
"मार्केटा, आम्ही तुझं काय घोडं मारलंय?"

लिंडालचे स्वीडिश, ब्रेझोव्याचे चेक.
एकाच वर्षी आले, एकाच गवतात उतरले,
गवतासकट मातीच्या विटा कापून घरं रचली
आणि मध्ये ओढा ठेवला.
इकडे नाताळात सोड्यात मुरवलेला मासा,
तिकडे खसखस भरलेले कोलाचे.
इकडे नाच म्हणजे पाप,
तिकडे नाचाशिवाय लग्न लागलं
असं कुणी मानत नसे.
माझी आई रात्रीची ओढा ओलांडून आली,
बूट हातात धरून.
म्हणून माझं नाव तिकडचं, आडनाव इकडचं,
आणि दोन्हीकडे मी पलीकडची.

तिजोरीची गोष्ट दोन्ही गावं सांगतात, आपापली.
कौंटीची कचेरी कुणाकडे, यावरून तंटा.
अठराशे सत्त्याऐंशीच्या जानेवारीत
लिंडालचे नऊ जण घसरगाडी घेऊन गेले,
ब्रेझोव्याची लोखंडी तिजोरी उचलली,
आणि ओढ्याच्या मध्यावर बर्फ फाटला.
घोडे वाचले. तिजोरी गेली.
कचेरी मिळाली रेल्वेवाल्या तिसऱ्याच गावाला.
दोघांचं भांडण, वगैरे.

सत्तेचाळीस वर्षांनी ओढा आटला,
तळाच्या भेगांत एक काळा कोपरा दिसला.
दोन्ही गावं काठांवर उभी राहिली,
समोरासमोर, डोक्यावर धुळीचं आभाळ.
हेनिंग लोहार पहार घेऊन उतरला,
पण दार उघडंच होतं मुळी.
आत चिखल,
आणि कासवाची रिकामी पाठ.
दप्तरं तर व्हिन्सेन्स कारकून
रोज संध्याकाळी घरी न्यायचा, पलंगाखाली ठेवायचा.
अख्ख्या ब्रेझोव्याला माहीत होतं.
सत्तेचाळीस वर्षं कुणी बोललं नव्हतं.
आधी हसलं कोण,
यावरून पुढे वेगळा वाद झाला.

मग मुलं पुरेनात, शाळा एक केली.
जर्सीचा रंग ठरवायला अकरा बैठका.
शेवटी निळा आणि लाल, दोन्ही.
पहिल्याच धुण्यात एकमेकांना लागले,
आणि आम्ही सगळा मोसम जांभळ्या खेळलो.

आता ती शाळाही नाही.
लिंडालात चौसष्ट माणसं, ब्रेझोव्यात एकोणचाळीस.
आगीचा बंब सामायिक, किल्ली पुलाजवळच्या डब्यात.
धान्याच्या उंच कोठारात कबुतरं.
ऑर्गन वाजवणारी एकटी सिग्ने:
नऊला लुथरचं चर्च, साडेदहाला पोपचं,
बूट तेच, चिखलाचे.

या वर्षी एकतीस जानेवारीला रात्रभर पडलं.
एक तारखेला मी आधी लिंडाल केलं,
पुलावर ट्रक थांबवला,
फोन मांडीवर ठेवला.
सहा.
सव्वासहा.
ओटाकार नोव्हेंबरात गेला,
तक्रार त्याचीच असायची,
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
काच पुसत बसले.
मग मीच त्याच्या घरी लावला.
ड्राहोमीरा जागी होती.
"एक तारीख आहे," मी म्हटलं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे किटली वाजत होती, कुणी उतरवत नव्हतं.
"सलग दोन दिवस," ती म्हणाली शेवटी,
"लाज वाटायला हवी तुम्हाला."

मी पातं खाली सोडलं.