पंच्याऐंशी टक्के

द्वारकेजवळच्या दवाखान्यात डॉक्टर सोनजे म्हणाल्या,
गोळी चालूच ठेवा, मीठ कमी करा,
आणि वाटलं तर रात्री जेवण झाल्यावर
डार्क चॉकलेटचा तुकडा. एकच. बोटाच्या पेराएवढा.
त्यातलं काहीतरी रक्तवाहिन्यांना सैल करतं म्हणे,
परकराच्या नाडीची निरगाठ कुणी हळूच सोडवावी तसं.
निवृत्तीराव माझ्याकडे बघत राहिले,
जणू चिठ्ठी मीच लिहिली होती.

चौतीस वर्षं सिव्हिलला सिस्टर होते मी,
औषध कडू असतं हे मला कुणी शिकवायला नको.
पण कॅनडा कॉर्नरच्या दुकानात
दोनशे सत्तर रुपये मोजून कडूपणा विकत घेताना
हात जरा थबकलाच.
पंच्याऐंशी टक्के आहे, काकू, पोरगा म्हणाला,
दहावीचा निकाल सांगावा तसा.

डिसेंबर सरत आलेला. जेल रोडवरच्या आमच्या गॅलरीत
थंडी अशी, की वडी मोडताना कट्ट आवाज झाला,
समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकलं.
उभा जन्म नोटांच्या प्रेसमध्ये काढलेला माणूस,
कुठलाही कागद उजेडात धरायची सवय.
तुकडाही ट्यूबलाइटपुढे धरला.
जलचिन्ह दिसत नाही, म्हणाले.
मग तोंडात टाकला, आणि चेहरा असा,
की एरंडेल बरं.
"उरलेले पंधरा टक्के कशाचे?"
"साखरेचे."
"तेवढेच आणायचेस."

मी वही घातली. तारीख, वरचा, खालचा.
पट्टा त्यांच्या दंडाला, मशीन माझ्या मांडीवर.
एकशे अठ्ठेचाळीसचे एकशे शेहेचाळीस झाले,
मग एकशे चव्वेचाळीस.
सकाळी ट्रॅकवर मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.
शकुंतला आहेर म्हणाली, आमच्या ओझरच्या
काळ्या द्राक्षाच्या सालीत असलंच काहीतरी असतं,
पाटीभर पाठवते, पैसे कशाला घालवतेस?
विमल पगारे म्हणाली, याने स्मरणशक्तीही वाढते.
त्या आठवड्यात तिने हे तिसऱ्यांदा सांगितलं.

जानेवारी संपता संपता कपाट आवरायला काढलं,
तर प्रेसच्या जुन्या डब्यात
एकोणतीस तुकडे.
चांदीत गुंडाळलेले, दहा-दहाची थप्पी,
शेवटची एकाने कमी.
मुंगी म्हणाल तर एक नाही.
चिवड्यातला बेदाणा पळवणारी आमच्या घरची मुंगी,
तिनेही नको म्हटलं होतं.

"मग आकडा उतरला कसा?"
बराच वेळ चष्मा पुसला त्यांनी.
"मीठ मात्र मी खरंच सोडलं होतं, कौसल्या.
ते जास्त जड गेलं.
त्याचं कुणी विचारलंच नाही."

राग आला म्हणून एक तुकडा मीच तोंडात टाकला.
चावला नाही. जिभेखाली गोळी कशी विरघळू द्यायची
ते सांगण्यात माझी नोकरी गेली.
आधी जळका पापड.
मग कॉफीच्या कपाचा तळ.
मग कितीतरी वेळाने,
भोंगा थांबल्यावर कानात उरतो तसा
लांबून एक बेदाणा.
कडू होतंच अजून.
मला घाई उरली नव्हती.

पट्टा टेबलावर पडला होता.
"आता तुझं बघू."
"माझं काय बघायचंय?"
किती हजार दंड आवळले या हातांनी,
स्वतःचा तेवढा राहून गेला होता.
त्यांनी पट्टा उलटा बांधला. मी सुलटा केला.
एकशे छप्पन्न. शहाण्णव.
पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं.
तेच.

काही न बोलता त्यांनी वहीचं कोरं पान काढलं,
ठसठशीत अक्षरात माझं नाव घातलं,
तारीख, वरचा, खालचा,
खाली दोन रेघा मारल्या, प्रेसमध्ये मारायचे तशा.
सकाळी सोनजेबाईंकडे जाऊ, म्हणाले,
आणि मीठ आजपासून.

मग डबा माझ्याकडे सरकवला.
"अठ्ठावीस उरलेत.
फेब्रुवारी निघेल."