गळती

आठवड्यातून दोनदा माझा टँकर ही टेकडी चढतो,
पहिल्या गियरमध्ये, म्हाताऱ्या खेचरासारखा धापा टाकत.
लिमा शहर खाली धुक्यात बुडालेलं असतं
आणि वर, शेवटच्या पायऱ्यांपाशी,
निळी पिंपं रांगेत उभी असतात, माणसांच्या आधी.

इथे पाऊस नाही. धुकं येतं, भिंतींना घाम फोडतं,
धुळीला मात्र हात लावत नाही.
पाणी मी विकतो. पिंपागणिक पैसे.
उधारी वहीत लिहितो. विसरत नाही.

पायऱ्यांच्या डाव्या अंगाला एक अंगण आहे,
कुणाचंच नसलेलं, उतरतं.
संत्रं ठेवलं तर घरंगळत थेट मेलानियाच्या दुकानात.
तिथे मार्चपासून एक बाई येते, नेरेइदा,
दोन बस बदलून, खांद्याला स्पीकर लटकवून,
आणि पोरांना नाच शिकवते.
फुकट.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं,
फुकट शिकलेलं फुकटच जाणार, बाई.
नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात;
इथे तर अंगण खरोखरच वाकडं.
ती म्हणाली, मग वाकड्यावर शिकतील.
पुढेमागे सपाट जमीन भेटलीच,
तर सोपी जाईल.

अडचण धुळीची होती.
पंधरा पोरं एकदम उडाली की पिवळा लोट उठायचा,
खोकला, शेजारणींचं वाळत घातलेलं धुणं,
मग दुपारभर भांडण.
तेव्हा तिने फी ठरवली.
प्रत्येकाने एक बाटली पाणी आणायचं.
वापरलेलं. स्वच्छ आणलं तर परत पाठवीन.

तेव्हापासून चार वाजता बाटल्या येतात.
तांदूळ धुतलेलं दुधट पाणी,
साबणाचं निळसर,
बाळाला न्हाऊ घातलेलं, अजून कोमट.
पोरं ओळीत उभी राहून शिंपतात
आणि ती त्यांच्यामागून हिंडत सांगते,
खांद्यातून सोड, कोपर मागाहून, बोटं सगळ्यात शेवटी.
मला वाटायचं, शिंपून झाल्यावर नाच सुरू होतो.

यादिरा उआमानी, वय नऊ.
तिच्या घरची उधारी पान उलटून पुढे गेली होती,
म्हणून मी त्यांचं पिंप निम्मंच भरत होतो.
(हे मी सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.)
एका शुक्रवारी ती रिकामी बाटली घेऊन आली.
घरात दोन दिवस काही धुतलंच नव्हतं कुणी.
कडेला उभी राहिली. आत येईना.
नेरेइदाने हाक मारली, तरी येईना.
"फी नाही," एवढंच म्हणाली,
आणि बाटलीचं झाकण लावून टाकलं.

मी पाइप गुंडाळत होतो.
पाइपाच्या वळणात थोडं पाणी नेहमी अडकून राहतं,
तांब्या-दीड तांब्या. ना टाकीचं, ना पिंपाचं.
अकरा वर्षं मी ते तिथल्या तिथे झटकत आलोय.
म्हटलं, आण इकडे बाटली.
तिने आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हे स्वच्छ आहे," म्हणाली. "चालत नाही."

काय बोलणार?
मी बाह्या वर केल्या.
पाइप काखेत धरला आणि हात धुतले,
डिझेल, ग्रीस, नखांतलं काळं, मनगटापर्यंत,
लग्नाला निघाल्यासारखे.
खाली ती बाटली धरून बसली.
तोंड अरुंद, अर्धं पाणी पायावर,
पण अर्धं आत.

मग ती ओळीत जाऊन उभी राहिली.
खांद्यातून सोडलं, कोपर मागाहून,
आणि धुळीवर माझ्या हातांचा मळ
तेलाच्या सात रंगांत पसरला.

वहीत लिहिलं: गळती, दोन लिटर. वॉशर बदलणे.
वॉशर अजून बदललेला नाही.
उआमानींचं पिंप आता काठोकाठ भरतो;
उधारी आहे, ती आहेच, लिहिलेली आहे.
आणि शुक्रवारी, पावणेचारच्या सुमारास,
माझे हात कसे कोण जाणे
फार मळतात.